विलायती पोरींसाठी दादा भांडला

"हाकला त्याला! कुत्र्यासकट हाकला! बापाच्या खुर्चीवर कुत्रं बसवून राह्यला भामटा, आन् पोरी काय नुसत्या बघत बसल्या?"

दादा ओरडत होता. माझा थोरला भाऊ ओरडतो म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. त्यानं तीर्थपुरीत बैलाला 'हो' म्हटलं की घनसावंगीतले बैल थांबतात, एवढं सांगितलं तरी कमीच पडेल. दिवाळीची दुपार होती. समोरच्या खोलीत वेचणीचा कापूस छताला टेकलेला आणि त्या ढिगात आम्ही सगळे रुतून बसलेलो. दादा तावातावानं उठायला गेला तो कमरेपर्यंत आत गेला, आणि तिथूनच, अर्धा कापसात अन् अर्धा इंग्लंडात, ओरडत राहिला.

ज्याला हाकलायचं होतं तो माणूस मरून दोनशे वर्षं झाली होती. मरून तरी कसं म्हणू, तो जन्मलाच नव्हता. तो होता एका जुन्या इंग्रजी कादंबरीतला पुतण्या. मी दर दिवाळीला माहेरी गेले की असली एखादी कादंबरी घरच्यांना सांगायची. त्या वर्षीची गोष्ट अशी होती: एक म्हातारा जमीनदार मरतो. पोरी आहेत, पोरगा नाही. तिकडच्या रिवाजाप्रमाणे जमीन, घर, झाडं, घरातली भांडी, सगळं कुठल्याशा लांबच्या पुतण्याच्या नावावर जातं. पुतण्या आपलं कुत्रं घेऊन येतो आणि बापाच्या खुर्चीवर ते कुत्रं ऐटीत बसतं. पोरी आपापले कपडे घडी घालून पेटीत भरायला लागतात.

कुत्रं माझं होतं, म्हणजे मी घातलेलं. मी सरळ एक कादंबरी कधीच सांगत नाही. तीन-चारांचा काला करते, वरून आपल्याकडचं मीठ टाकते. तीर्थपुरीत दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड गेलं ते असं, माझ्या हातचं होऊन.

तर पेटी बंद झाली, आणि वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. वहिनी रडल्या की आवाज होत नाही, फक्त पदर ओला होतो. माय म्हणाली, "शिव शिव, कसे गं हे लोक." अण्णा, म्हणजे आमचे वडील, दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं जितेपणी पोरींच्या नावानं का न्हाई लिहून ठिवलं?"

"कायदाच तसा होता, अण्णा. लिहिलं तरी चाललं नसतं."

"मंग बापाचा तरी काय दोष," अण्णा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

मी जालन्यात एका कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवते. शिकवते म्हणजे, मुलं गाईड वाचतात आणि मी मूळ पुस्तक वाचते. वर्गात आमची गाठ पडते, इतकंच. ही पुस्तकं मी जुन्या जालन्यात एका रद्दीवाल्याकडून वजनावर घेतली. तो जाड कादंबरी तराजूत टाकायचा आणि म्हणायचा, "मॅडम, ही भारी हाय." वाङ्मयाबद्दल इतकं रोखठोक मत मी पुढं कुणाकडून ऐकलं नाही.

चर्चासत्रांत तर बिलकुल नाही. तिथं एकदा बाहेरगावचे एक पाहुणे तासभर बोलले. ही थोर पुस्तकं टिकली, कारण त्यांत मानवी मनाचा थांग आहे, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या इतक्या पडल्या की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती अंबडला जाऊन उतरली. जेवणात गुलाबजाम होते म्हणून मी गप्प बसले. माझं मत असं, की ही पुस्तकं टिकली कारण त्यांत पहिल्या पाच पानांत कळतं, जमीन किती आणि कुणाच्या नावावर. मग सोयरीक, मग पाहुणे, मग मृत्युपत्र. कुठल्या पोरीला किती देणार, कुठल्या पोराची नजर कशावर. दर दहा पानांना कुणीतरी कुणाकडं चहाला जातं आणि तिथं तिसऱ्याच्या घराची उणीदुणी निघतात. आपल्याकडच्या सोयरिकीच्या बैठकीत आणि या कादंबऱ्यांत फरक एकच, तिकडं पाऊस जास्त. म्हणून तर तीर्थपुरीत माझ्या गोष्टीला गर्दी व्हायची. विलायतेच्या पोरीला स्थळ आलं की दादा आधी विचारायचा, "बागाईत किती?" मी आकडा वाढवून सांगायची. कोरडवाहू नवरदेव त्याला चालत नसे.

त्या दिवाळीत मला वाटलं होतं, आपण जिंकलो. जे चर्चासत्रांना जमत नाही, ते मी कापसाच्या ढिगावर बसून केलं. विलायतेच्या पोरींसाठी माझा दादा, शेतकरी माणूस, घसा बसेपर्यंत भांडला. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज गेला होता. वहिनींनी हळद घालून दूध दिलं.

उन्हाळ्यात अण्णा गेले. झोपेतच गेले. त्यांनीही काही लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि त्यांना तर कायद्याची आडकाठीसुद्धा नव्हती.

तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी दादाचा फोन. "बाई, तुझी एक सही लागती. जल्दी न्हाई, पण सोमवारी ये. सकाळीच ये, जेवूनच जाऊ."

कसली सही, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडं ते विचारायचं नसतं. बाप गेला की पोरींची नावं वारस म्हणून जमिनीला लागतात, आणि मग पोरींनी आपला हिस्सा भावाच्या नावानं सोडून द्यायचा असतो. त्याला हक्कसोड म्हणतात. कायदा म्हणतो, पोरीला पोराच्या बरोबरीनं. रिवाज म्हणतो, साडी-चोळी. सही करणारीला दिवाळीचं बोलावणं राहतं, तिच्या पोरांच्या लग्नात मामाचा आहेर राहतो, उन्हाळ्यात आंब्याची पेटी येत राहते. सही न करणारीला जमीन राहते. दोन्ही राहिलेली बाई आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेली नाही.

मला मात्र दोन्ही हवं होतं. खोटं कशाला बोलू. जालन्यात स्टेशनजवळ भाड्याच्या घरात राहून माझा जन्म जात होता. घरमालकीण जिना उतरताना आमच्या दारापाशी दोन क्षण जास्त थांबायची, एवढ्यानंही मी भाड्याची पावती शोधायला लागायची. कुणी 'ऊठ' म्हणू शकणार नाही असा तुकडा, भले त्यात नुसती कुसळं उगवोत, आपल्या नावावर असावा, हे माझ्या मनात होतं. आणि दिवाळीला कापसाच्या ढिगावरही बसायचं होतं. नवऱ्याला विचारलं. ते बियाणं कंपनीच्या ऑफिसात, बोलायचं म्हणजे पोत्यावर लेबल लावल्यासारखं. म्हणाले, "सही करून टाक. जमिनीच्या मागं लागलीस तर माणसं जातील." आणि पेपर वाचायला लागले. मीही तेच ठरवलं होतं. सोमवारी गेले ते सही करायलाच गेले, हे नीट लिहून ठेवते, कारण पुढं माझ्याबद्दल उलटंच पसरवलं गेलं.

जेवायला पुरणपोळी होती. अण्णांना जाऊन महिनाच झाला होता आणि पुरणपोळी! मायेनं तूप वाढताना माझ्याकडं पाहिलं नाही. मग दादानं भाड्याची जीप बोलावली. तो पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर कागदांची पिशवी. मागं मी आणि वहिनी. वहिनींच्या मांडीवर दुसरी पिशवी, तिच्यात साडी. पिशवीच्या तोंडातून तिचा काठ दिसत होता. मोरपंखी. माझा आवडता रंग वहिनींना माहीत होता.

तीर्थपुरीपासून घनसावंगी काही लांब नाही. पण रस्ता असा की खड्डा आणि त्याच्या भोवती थोडंसं डांबर. दादाला गप्प बसवत नाही. त्यानं ड्रायव्हरला माझी ओळख करून दिली.

"आपली बाई. जालन्याला इंग्रजीची प्रोफेसर हाय. असल्या एक-एक गोष्टी सांगती ना, बापू, डोळ्यांतून पाणीच!"

"हां?"

"मागच्या दिवाळीला सांगितली एक. इंग्रजांची." आणि दादानं सुरू केलं. म्हातारा मेला, पोरी राहिल्या, पुतण्या आला. कुत्रंही आलं. माझ्या गोष्टीत कुत्रं नुसतं बसलं होतं. दादाच्या गोष्टीत ते धाकट्या पोरीला चावलं. खोटं सांगायचं रक्तच आहे आमचं. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, जीपचा टप थरथरायला लागला, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं आपल्यालाच शिव्या पडतायत असं समजून गाडी खाली घातली. "सगळं घेतलं भडव्यानं! बापाचं घर, पोरीच्या बापाचं, आन् पोरी रस्त्यावर!"

ड्रायव्हरला राग आला. मला दिसत होतं, त्याचे कान लाल झाले होते. "मंग त्या पोरी कोर्टात का न्हाई गेल्या?"

"कशाचं कोर्ट! कायदाच तसा त्यांच्यात. पोरीला चिंधी न्हाई. आन् म्हणं साहेब लोक! आपल्याकडं बघ, पोरीला बराबर हिस्सा. कायद्यानं. लई पुढं गेलो आपण त्यांच्या."

"त्ये हाय," ड्रायव्हर म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आज कशाचं काम काढलं, भाऊ?"

"हक्कसोड हाय बाईचं."

ड्रायव्हरनं गिअर बदलला. "हां," तो म्हणाला. "बराबर."

मी वाट पाहिली. आता कुणीतरी हसेल. दादाच हसेल, कपाळावर हात मारून म्हणेल, अरे तिच्यायला, आपणच की तो पुतण्या. वहिनींकडं पाहिलं. त्या खिडकीतून कुणाच्या तरी नांगरलेल्या रानाकडं बघत होत्या. गाडीत कुणालाच काही विनोदी घडल्यासारखं वाटलं नव्हतं. मग मी आरशात दादाचा चेहरा नीट पाहिला. त्यावर कपटाची एक रेघ नव्हती. गोष्टीतल्या पोरींसाठी त्याचे डोळे खरंच पाणावले होते.

तो कपटी असता तर मी सही केली असती. कपटी माणूस निदान मनात तरी ओशाळा असतो. त्याला साडी घेऊन माफ करता येतं. पण हा माझा भोळा भाऊ, मांडीवर माझ्या हिश्शाचे कागद घेऊन, विलायतेच्या पोरींसाठी रडत होता. त्याच्या डोळ्यांतलं ते पाणी पाहून माझा हात आखडला.

घनसावंगीच्या नोंदणी कार्यालयात गर्दी होती. आमच्या पुढं दोघी बहिणी होत्या, दोघींच्या अंगावर कोऱ्या साड्या, म्हणजे त्यांना आधीच मिळालेल्या. फोटो काढला, अंगठे झाले, आणि टेबलामागच्या साहेबानं मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं सोडता ना?" दोघी एकदम "हो" म्हणाल्या, शाळेत हजेरीला म्हणतात तसं.

माझा नंबर आला. "राजीखुशीनं सोडता ना?"

"न्हाई."

वर्षानुवर्षं वर्गात प्रमाण भाषा बोलणारी मी, आणि ऐन वेळेला तोंडातून आलं ते मायेचं 'न्हाई'. पंखा थांबला. छतावरची पाल खाली पडली. बाहेर स्टँपवाल्याच्या हातातला शिक्का हवेतच राहिला आणि सगळ्या तालुक्यातलं कामकाज ठप्प झालं. निदान मला तरी तसं वाटलं. साहेबानं मान वर केली, एवढं मात्र खरं.

"न्हाई म्हणजे?"

"राजी नाही, साहेब. आणि खुशीही नाही."

"मग बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "पुढचे या."

बाहेर झेरॉक्सच्या टपरीपाशी दादा माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्या ओरडण्याची तयारी ठेवून होते. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. विलायतेच्या पोरींसाठी जो घसा फुटला, तो एकदा माझ्या नावानं फुटू दे, मग विरुद्ध का असेना. पण दादा हळू बोलला. इतकं हळू बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं.

"बाई, काय कमी केलं आम्ही तुला?"

"दादा, त्या पुतण्याला कुत्र्यासकट हाकला म्हणून तूच ओरडत होतास ना? आत्ता, गाडीत?"

तो खरोखरच गोंधळला. "त्याचं हितं काय?"

"त्यानं पोरींच्या बापाची जमीन घेतली. तू काय करून राह्यलास?"

"अगं तो परका होता! लांबचा पुतण्या. मी काय लांबचा हाय?" त्याला माझी कीव आली असावी. इतकी शिकलेली बहीण आणि एवढं साधं कळत नाही. "त्यांच्यात माया नसती, बाई. म्हणून त्यांच्या पोरींला जमीन पाह्यजे होती. आपल्यात भाऊ असतो पोरीला. भाऊ असल्यावर जमीन कशाला लागती?"

असा भाऊ त्या कादंबऱ्यांत एकाही पोरीला नव्हता, त्यामुळं त्याला काय उत्तर द्यायचं हे कुठल्याच पानावर छापलेलं नव्हतं. दादा जीपकडं गेला. बस म्हणाला नाही, बसू नको असंही म्हणाला नाही. वहिनी आधीच आत बसल्या होत्या. त्यांनी पिशवीचं तोंड दुमडलं, मोरपंखी काठ आत ढकलला आणि पिशवी पायाशी ठेवली. मी एसटीनं जालन्याला आले.

आता सातबाऱ्यावर माझं नाव आहे. मोबाईलवर दिसतं, मी बघते, चहाच्या आधी. शेत कोण करतं, काय पेरलं, मला कुणी सांगत नाही आणि मी बांधावर गेलेले नाही. गावात पसरलं की बाई वकील घेऊन आली होती, भावाला पोलिसांची धमकी दिली, मायेला ढकललं. आमच्या गावाला सांगायची हातोटी माझ्याहून चांगली आहे. राखी पाठवली, ती पोचली एवढं पोस्टाच्या पावतीवरून कळलं. आंबे आले नाहीत. मायेशी बोलणं होतं, पण ती फोनवर फक्त तब्येतीचं बोलते, माझ्या आणि तिच्या, आळीपाळीनं, आणि तब्येत संपली की फोन ठेवते. नवरा 'मी म्हणालो होतो' असं म्हणत नाही. पेपरची घडी तेवढी मोठ्यानं घालतो.

वर्गात ती कादंबरी अजून शिकवते. अभ्यासक्रमातच आहे, जाणार कुठं. पोरींनी पेट्या भरल्या की पुढच्या बाकावरच्या मुली रुमाल काढतात. पूर्वी मला ते पाहून धन्य वाटायचं. आता मी फळ्याकडं वळते आणि उगीच तारीख पुन्हा लिहिते. थोर वाङ्मय का टिकतं याचं माझं मत आता आणखी आखूड झालंय. त्यात घर जातं ते दुसऱ्याचं. समुद्रापलीकडच्या पोरींसाठी रडायला काही सोडावं लागत नाही. असं पुस्तक आणखी दोनशे वर्षं टिकेल, हजार टिकेल, त्याला कुठं वाळवी लागणार आहे. पुढच्या चर्चासत्रात हे बोलणार आहे, गुलाबजाम असोत नाहीतर नसोत.

वहिनींबद्दल सांगायचं राहिलं. त्यांनी आपल्या माहेरची हक्कसोड लग्नानंतर पहिल्याच वर्षी केलेली. हे मला त्यांनीच कधीतरी भाजी निवडताना सांगितलं होतं, देठ मोडावा तितक्या सहज. त्या दिवशी जीपमधून गेल्या त्यानंतर त्यांचा आवाज ऐकला नव्हता. दिवाळीच्या आधी पंधरवड्यावर, भर दुपारी, त्यांचा फोन आला. आवाज दबका.

"ताई, जेवल्या का?"

"जेवले. सगळे बरे आहेत ना? दादा?"

"शेतात गेलेत. माय झोपल्यात." मग दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. "ताई, एखादी नवी गोष्ट सांगा ना. इंग्रजांचीच."

काय सांगू, मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. डोळ्यांसमोर रद्दीवाल्याच्या तराजूतली सगळी जाड पुस्तकं एका रांगेत आली. माझं माहेर परत आलं, असंच वाटलं. घाईघाईनं म्हणाले, "एक आहे, वहिनी. पण लई मोठी आहे, फोनवर मावायची नाही. दिवाळीला येते ना मी, मग निवांत बसून सांगते."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दिवाळीला नका येऊ," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच सांगा."